पाच सुताचं ड्रिल पुन्हा पुन्हा जळतंय? धार लावण्याआधी मोटरची नेमप्लेट वाचा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल.

पिलर ड्रिल मशीन, चार पायऱ्यांची पुली, ए सेक्शनचा (व्ही बेल्टचं एक ठरलेलं माप) एकच बेल्ट. काम म्हणजे १२ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटला १६ मिमीचे, आमच्या बोलीत पाच सुताचे होल; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नवं कोरं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल लावलं. पहिला होल बरा गेला, दुसऱ्याला चरचर सुरू झाली, तिसऱ्याला धूर निघाला आणि ड्रिल वर घेतलं तर दोन्ही धारांची बाहेरची टोकं निळी पडलेली. धार लावून पुन्हा बसवलं की तेच. ड्रिलचा ब्रँड बदलला, तरी तेच. बेल्ट पायऱ्यांवर बरोबर जागी, सगळ्यात हळू चालणाऱ्या पायरीवर, आणि तरीही तेच.

जळगावच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉलीचे ब्रॅकेट, पेरणी यंत्राची दुरुस्ती, ठिबकच्या फिल्टर स्टँडच्या बेस प्लेटा, असं काम. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) पोळ्यापर्यंत आम्ही या एका दुखण्यापायी दीड डझन ड्रिल वाया घालवले. पैसा गेला तो गेलाच; त्याहून वाईट म्हणजे मशीनवरच्या पोराला मी चार महिने विनाकारण बोलत राहिलो. तुमच्याकडे असं कुणी बोलणं खात असेल तर ते थांबावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्ही कुठे कुठे चुकलो

सुरुवात अशी झाली. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात विजेच्या तीन फेजपैकी एक फेज गेला. मोटर नुसती घूं करत राहिली, कुणाच्या लक्षात येईपर्यंत वाइंडिंगचा वास सुटला. मशीनवर ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) नव्हता, ही माझीच चूक. रिवाइंडिंगवाला सणाला गावी गेलेला. कारागीरही निम्मे गावी. आणि पेरणी यंत्रं दुरुस्तीला येण्याचे नेमके तेच दिवस. मग जुन्या बाजारातून एक एचपीची थ्री फेज मोटर आणली. पाय त्याच भोकांवर बसले, शाफ्ट त्याच १९ मिमीचा, जुनी पुली हाताने सरकवली तर अलगद बसली. फेज उलटे लागले होते, दोन वायरी बदलल्या, चक (ड्रिल पकडणारा भाग) सरळ फिरायला लागला. अर्ध्या तासात मशीन चालू. आम्ही खूश.

त्यानंतर आठ दिवसांत ड्रिल जळायला लागले. पण मोटर बदलली आणि ड्रिल जळायला लागले, या दोन गोष्टी आम्ही एकमेकींना जोडल्याच नाहीत, कारण मोटर तर झकास चालत होती. पहिला संशय ड्रिलवर गेला. दुकानदाराशी वाद घातला की माल डुप्लिकेट आहे. मग संशय प्लेटवर, की यावेळी प्लेट कडक आली. मग कूलंटवर. मग पोराच्या धार लावण्यावर. ११८ अंशांचा गेज आणून मी स्वतः धार लावली, दोन्ही ओठ (कापणाऱ्या धारा) सारखे केले, मागची घळ (धारेमागचा उतार) बरोबर दिली. एक होल जास्त पडला, एवढाच फरक.

आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं ते एक सुताच्या ड्रिलने. ३ मिमीचं ड्रिल वरच्या पायरीवर आधीपेक्षा झकास चालत होतं. भराभर होल, ड्रिल थंड. त्यामुळे मशीनमध्ये दोष आहे हा विचारच मनातून निघून गेला. खरं तर सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. का, ते खाली येईल.

नानांनी काय ऐकलं

भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी ते बैलगाडीच्या धुरीची पट्टी वेल्ड करून घ्यायला आले होते. मशीन चालू होतं. ते दारातच थांबले.

"काय झायं भो? ही मोटर कधी बदलली?"

"आखाजीला, नाना. तुम्हाला कसं कळलं?"

"आधीची मोटर घुमायची. ही शिट्टी घालते. पाटी वाच हिची."

पाटीवर कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटचा हात मारलेला होता. थिनरचा बोळा फिरवला, वायर ब्रश न लावता कापडाने पुसलं, आणि आकडा वर आला: २८८० आरपीएम. आमच्या जळालेल्या मोटरची पाटी अजून रॅकवर पडली होती. तिच्यावर १४४०.

नानांनी मग जळालेल्या ड्रिलचं टोक बोटावर फिरवून पाहिलं. म्हणाले, "बाहेरचे कोपरे गेले म्हणजे वेग जास्त. मधलं टोक फुटलं असतं तर तुझ्या हाताचा दाब जास्त म्हटलं असतं." हे वाक्य मी ऑइलपेंटने भिंतीवर लिहून ठेवलंय. ड्रिल कुठे जळलं ते पाहिलं की निम्मं निदान होतं. ड्रिलच्या मध्यापाशी वेग जवळपास शून्य असतो आणि बाहेरच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त. म्हणून वेगाचा मार आधी कोपऱ्याला बसतो. ओठांवर खपल्या उडाल्या असतील तर फीड (ड्रिल खाली उतरवायची गती) जास्त आहे किंवा मागची घळ जास्त दिली आहे. ड्रिल मधोमध उभं चिरलं तर घळ कमी आहे.

कीसही बघा. एचएसएस ड्रिलने एमएसचा कीस चंदेरी, फार तर फिकट पिवळसर यावा आणि लांब वळ्यांचा यावा. निळा कीस किंवा भुकटी येत असेल तर थांबा. वेग दुप्पट झाला आणि हाताने ड्रिल खाली उतरवायची गती तीच राहिली, की एका फेऱ्यात ड्रिल निम्मंच खाली उतरतं. मग धार कापायच्या ऐवजी घासत बसते आणि उष्णता कीसाबरोबर बाहेर न जाता धारेतच राहते. आमच्या पोराचा हात बरोबर होता. मशीनचा वेग बदलला होता.

दोन पोल आणि चार पोल: एकसारख्या दिसणाऱ्या मोटरी

इंडक्शन मोटरचा वेग विजेची फ्रिक्वेन्सी आणि पोलची (वाइंडिंगच्या चुंबकीय ध्रुवांची) संख्या यांवर ठरतो. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ. दोन पोलची मोटर ३००० च्या जवळ फिरते, पाटीवर २८०० ते २८८०. चार पोलची १५०० च्या जवळ, पाटीवर १४०० ते १४४०. सहा पोलची हजाराच्या जवळ, पाटीवर ९३० ते ९६०. व्होल्टेज कमी झालं म्हणून मोटर हळू फिरेल आणि ड्रिल वाचेल, असं काही होत नाही. वेग थोडासाच पडतो, पण करंट वाढून मोटर तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि त्यात व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटरी जळतात त्या अशाच.

गोची कुठे होते, तर ८० नंबरच्या फ्रेममध्ये (मोटरच्या सांगाड्याचं ठरलेलं माप) एक एचपीची दोन पोलची मोटरही येते आणि चार पोलचीही. दोन्हींचा शाफ्ट १९ मिमी, पायांची भोकं त्याच मापावर, उंची तीच. म्हणून एकीच्या जागी दुसरी हातासरशी बसते आणि कुणालाच शंका येत नाही. मोटर नीट बसली म्हणजे ती बरोबर आहे, असं अजिबात धरू नका.

पुलीचं गणित, आमच्या मशीनच्या मापांवर

बेल्ट घसरत नसेल तर दोन्ही पुल्यांवर तो एकाच वेगाने धावतो. म्हणून मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, हा गुणाकार स्पिंडलचे (चक फिरवणाऱ्या दांड्याचे) फेरे गुणिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास याच्याबरोबर येतो. सगळ्या पुल्यांचं शास्त्र एवढ्यात आलं. मोटरकडची पुली लहान आणि स्पिंडलकडची मोठी, तर वेग कमी आणि जोर जास्त. उलट केलं की वेग जास्त, जोर कमी.

आमच्या मोटरवर ७५, १००, १२५ आणि १५० मिमीच्या पायऱ्या आहेत. समोर स्पिंडलवर त्याच क्रमाने २००, १७५, १५० आणि १२५. म्हणजे एक पुली खाली रुंद होत जाते, दुसरी वर. १४४० च्या मोटरला स्पिंडलचे वेग येतात ५४०, ८२३, १२०० आणि १७२८. आता मोटर २८८० ची लावा: १०८०, १६४६, २४०० आणि ३४५६. आमची सगळ्यात हळू पायरी आता आधीच्या तिसऱ्या पायरीच्या जवळ जाऊन बसली होती. "हळूच्या पायरीवर लाव" असं मी पोराला ओरडत होतो आणि तो हळूच्याच पायरीवर लावत होता. हळू अशी पायरी मशीनवर उरलीच नव्हती.

पुली मोजताना एक चूक सगळे करतात, मीही केली. व्हर्निअर बाहेरच्या कडांना लावून माप घेतात. बेल्ट काम करतो तो खाचेच्या थोडा आत. ए सेक्शनला बाहेरच्या व्यासातून साधारण साडेसहा मिमी वजा करा, म्हणजे खरा व्यास मिळतो. वर दिलेली मापं तशी वजा केलेली आहेत. वजा केलं नाही तर आमच्या पहिल्या पायरीवर पाच टक्क्यांचा फरक पडतो. ड्रिलसाठी पाच टक्के चालून जातात, टॅपिंगचं किंवा बोरिंगचं मशीन असेल तर ध्यानात ठेवा.

ड्रिलला किती वेग हवा

कापायचा वेग मीटर प्रति मिनिटात मोजतात. एचएसएस ड्रिलने एमएसला २५ ते ३०, बीडाला २० च्या आसपास, एसएसला (स्टेनलेस स्टीलला) १० ते १५, पितळेला ५० पर्यंत, ॲल्युमिनियमला ६० आणि वर. वर्कशॉपमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन कुणी बसत नाही, म्हणून तोंडी हिशेब सांगतो: एमएससाठी ८००० ला ड्रिलच्या मिलीमीटरने भागा. १६ मिमीला ५००, १० मिमीला ८००, २० मिमीला ४००. एसएसला ८००० ऐवजी ४००० घ्या. बीडाला साडेसहा हजार धरा.

आता आमचं दुखणं आकड्यात बघा. १६ मिमीचं ड्रिल ५४० वर फिरलं की कोपऱ्याचा वेग २७ मीटर. अगदी हवा तसा. १०८० वर तोच वेग ५४ मीटर. एमएसमध्ये एचएसएस तिथे टिकत नाही, कूलंटची धार लावली तरी नाही. आणि ते ३ मिमीचं ड्रिल? जुन्या मोटरवर सगळ्यात वरच्या पायरीलाही त्याला जेमतेम १६ मीटर मिळायचे. नव्या मोटरवर ३२ झाले. म्हणून ते खुलून चाललं. लहान ड्रिल एकाएकी चांगलं चालायला लागलं आणि मोठं जळायला लागलं, असं दिसलं की दुसरीकडे बघूच नका, मशीनचा एकूण वेग वाढला आहे.

टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) नसेल तर

माझ्याकडे नव्हता. मोबाइलने काम झालं. चकवर खडूने एक जाड रेघ ओढा. मोबाइल स्टँडवर किंवा विटेला टेकवून लांब ठेवा. फिरत्या चकजवळ हातात धरून चित्रण करू नका. स्लो मोशन लावा. बहुतेक मोबाइलमध्ये ते सेकंदाला २४० किंवा १२० फ्रेमचं असतं आणि बघताना ३० फ्रेमच्या गतीने दिसतं. म्हणजे २४० वर आठपट हळू. आता व्हिडिओ लावून १० सेकंदात रेघ किती वेळा समोर येते ते मोजा. तो आकडा गुणिले ४८ केला की आरपीएम. १२० फ्रेमचं असेल तर २४ ने गुणा. आमच्या पहिल्या पायरीला बावीस-साडेबावीस फेरे आले. ४८ ने गुणलं तर १०८० च्या आसपास. पाटी, पुली आणि मोबाइल, तिघांनी एकच सांगितलं. तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

उपाय, आणि आम्ही केलेला चुकीचा उपाय

पहिल्यांदा वाटलं, मोटर दुप्पट फिरते तर तिची पुली निम्मी करू. ७५ ची निम्मी साडेसदतीस. एवढ्या लहान पुलीवर ए सेक्शनचा बेल्ट वळत नाही. ए सेक्शनला ७५ च्या खाली जाऊ नये असा नियम आहे. तरी हट्टाने लेथवर ५० मिमीची पुली करून लावली. हिशेबाने ७२० आरपीएम आले, १६ मिमीला ३६ मीटर. ड्रिल थोडं जास्त टिकलं, पण बेल्ट पंधरा दिवसांत गेला. उलटा करून वाकवला तर आतल्या बाजूला आडव्या भेगा, बोटाचं नख जाईल एवढ्या.

त्यातली दुसरी चूक खाचेच्या कोनाची होती. बेल्टचा कोन ४० अंशांचा म्हणून आम्ही खाचही ४० ची कापली. पण लहान पुलीवर बेल्ट वाकला की त्याचा आतला भाग दबून फुगतो आणि त्याचा कोन कमी होतो. म्हणून ए सेक्शनच्या लहान पुलीला खाच ३४ अंशांची आणि मोठीला ३८ ची असते. ४० च्या खाचेत बेल्टच्या बाजू पुरत्या टेकत नाहीत, तो घसरतो, तापतो. टर्नरला पुली करायला देताना कोन लिहून द्या, नुसतं "बेल्ट बघून कर" म्हणू नका.

दुसरा मार्ग मधे जॅक शाफ्ट (पुल्या लावलेला एक जादा शाफ्ट) टाकून वेग दोन टप्प्यांत उतरवायचा. उत्तम मार्ग, पण आमच्या मशीनच्या डोक्यावर जागा नव्हती. तिसरा, व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र. तो लावण्याआधी एवढं समजून घ्या: पुलीने वेग निम्मा केला की जोर दुप्पट होतो, कारण मोटरची ताकद तीच राहते. ड्राइव्हने वेग निम्मा केला की जोर वाढत नाही, ताकदच निम्मी होते. २८८० ची एक एचपीची मोटर २५ हर्ट्‌झवर चालवली तर ती अर्ध्या एचपीची झाली, आणि तिचा पंखाही निम्म्याच वेगाने फिरणार, म्हणजे तापणार. मोठ्या ड्रिलला जोरच तर लागतो. लहान-मोठा वेग सतत बदलावा लागत असेल तर ड्राइव्ह आणि पायऱ्यांची पुली दोन्ही ठेवावं, पायरी बदलून जोर घ्यावा आणि ड्राइव्हने बारीक फरक करावा.

आम्ही शेवटी सरळ केलं. जळालेली जुनी चार पोलची मोटर रिवाइंड करून घेतली आणि परत बसवली. पुल्या काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला नाही, पुलर लावला. हातोडा मारला की बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि महिन्याभरात मोटर गरगर करायला लागते.

मोटर बरोबर आली, तरी पहिल्या पायरीवर दम नव्हता

दुखण्याचा हा दुसरा भाग तेव्हा उघडा पडला. जुनी मोटर लागली, वेग बरोबर आला, पण १६ मिमीचं ड्रिल प्लेटच्या खालच्या बाजूने निघायच्या वेळी चक थांबायचा आणि बेल्ट चीं करायचा. चौथ्या पायरीवर बेल्ट सतारीच्या तारेसारखा आणि पहिल्या पायरीवर विचित्र वागणूक: मोटर स्पिंडलकडे सरकवल्याशिवाय बेल्ट नीट चढतच नाही, आणि चढवला की कधी ढिला कधी घट्ट.

पायऱ्यांच्या पुल्या बनवताना समोरासमोरच्या व्यासांची बेरीज सारखी ठेवतात. आमच्याकडे ७५ आणि २००, १०० आणि १७५, सगळ्यांची बेरीज २७५. बेल्ट आडवा, आकड्यातल्या ८ सारखा टाकला असता तर बेरीज सारखी असली की लांबी तंतोतंत सारखी आली असती. उघड्या बेल्टला तसं होत नाही. दोन पुल्यांच्या व्यासात जितका फरक जास्त, तितका बेल्ट थोडा जास्त लागतो. आमच्या शाफ्टमधलं अंतर सुमारे ४०० मिमी. हिशेब केला तर पहिल्या पायरीला चौथ्यापेक्षा नऊ-साडेनऊ मिमी लांब बेल्ट लागतो. म्हणजे पायरी बदलताना मोटर पाच मिमी पुढे-मागे सरकवायलाच हवी. त्यासाठीच मोटरच्या पायाखाली लांबट खाचा असतात.

आमच्या मशीनवर काय झालं होतं? मोटरचे बोल्ट कुणीतरी चौथ्या पायरीच्या मापावर कायमचे आवळून टाकले होते, आणि पहिल्या पायरीवर नेताना पोरं पुली हाताने फिरवत स्क्रूड्रायव्हरने बेल्ट चढवत होती. अशाने बेल्टच्या आतल्या दोऱ्या तुटतात. बाहेरून बेल्ट नवा दिसतो, पण त्या जागी लांबला असतो, म्हणून फिरताना कधी ढिला कधी घट्ट.

नवा ए ४७ आणला. ४७ म्हणजे आतून ४७ इंच. जुन्या बेल्टवर आकडा पुसला गेला असेल तर दोरी आतून फिरवून मोजा. बसवण्याआधी खाचांमध्ये बॅटरीचा उजेड टाका. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर बेल्ट बाजूंना न धरता तळाला टेकतोय. व्ही बेल्ट पाचरीसारखा बाजूंनी धरतो, तळाला टेकला की त्याची पकडच गेली. नवा बेल्ट पुलीच्या कडेशी सपाट किंवा किंचित वर राहिला पाहिजे. आत बुडाला तर खाच झिजली, पुली बदला. आमची ७५ ची पायरी झिजलेली निघाली. सगळं मोठं काम तिच्यावरच होतं ना!

ताण किती द्यायचा? शाफ्टमधल्या अंतराच्या दर मीटरला साधारण १६ मिमी बेल्ट दबला पाहिजे. आमच्याकडे मधोमध बोटाने दाबला की दोन सूत. चार-पाच तास चालवून पुन्हा बघा, नवा बेल्ट बसतो आणि ढिला होतो. घसरतो म्हणून राळ किंवा बेल्ट ड्रेसिंग लावू नका. माझ्या वडिलांनी जिनिंगमध्ये ऑइलमनचं काम केलं; तिथे एका लांब लाइन शाफ्टवरून जिनांच्या रांगा पट्ट्यांवर चालत आणि पट्ट्यांना राळ लागायचीच. पण ते सपाट पट्टे. सपाट पट्ट्याची पुली मधे किंचित फुगीर असते, पट्टा त्या उंचवट्याकडे चढत जाऊन मधोमध राहतो. व्ही बेल्टला त्यातलं काहीच लागू पडत नाही. राळेने त्यावर धूळ आणि कीस चिकटतो, एवढंच.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन्हींच्या कडांना लावून बघा. आमच्याकडे दीड मिमीचा फरक होता. शाफ्ट आणि पुलीला जोडणारी की (चौकोनी पट्टी) ठोकून बसवा, ग्रब स्क्रू कीवरच आवळा. की ढिली असेल तर सुरू-बंद करताना टक असा एक आवाज येतो. तो आवाज येऊन गेला की दोन महिन्यांत कीवे (कीची खाच) खराब होतो.

इतर मशीनवर हेच दुखणं

जुन्या कोन पुलीच्या लेथवर तीन किंवा चार पायऱ्या आणि बॅक गिअर (वेग आणखी कमी करणारे गिअर) मिळून सहा किंवा आठ वेग होतात. मोठ्या व्यासाचा जॉब थरथरत असेल आणि टूल जळत असेल तर पायरी खाली घ्या, नाहीतर बॅक गिअर टाका. बॅक गिअर टाकताना पुली आणि मोठा गिअर जोडणारी पिन ओढून काढायला विसरलात तर स्पिंडल जाम होतो. जोर लावून सुरू करू नका, दात जातील.

पॉवर हॅक्सॉला (मोटरवर चालणारी लोखंड कापायची करवत) ब्लेडचे दात पटापट बोथट होत असतील तर हाच तपास: मोटरची पाटी, मग पुल्या.

ग्राइंडरबद्दल मात्र थांबून वाचा. ड्रिलला वेग जास्त झाला तर ड्रिल जळतं. ग्राइंडरला वेग जास्त झाला तर चाक फुटतं आणि तुकडे माणसाला लागतात. चाकावर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम कधीही ओलांडू नका. साध्या चाकांना साधारण ३३ मीटर प्रति सेकंदाची मर्यादा धरतात. २५० मिमीच्या चाकाला ती सुमारे २५२० आरपीएमला गाठते. २८८० च्या मोटरवर एकास एक पुली लावून ३०० मिमीचं चाक फिरवलं तर ४५ मीटर होतात. बेल्टच्या ग्राइंडरची मोटर किंवा पुली बदलली असेल तर चाक लावण्याआधी आकडा काढाच, आणि पहिल्यांदा सुरू करताना समोर उभं राहू नका.

पायरी बदलताना मेन स्विच खाली करा. नुसतं बटण बंद करून खाचेत बोट घालू नका. आपल्याकडे वीज जाते आणि अचानक येते. साध्या स्विचवरचं मशीन वीज आली की आपोआप फिरायला लागतं. पोर बेल्ट चढवत असताना असं झालं तर बोटं जातात. डीओएल स्टार्टर लावा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्यात ओव्हरलोड रिलेही बसतो. तो आमच्याकडे आखाजीला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

आता आमच्या बेल्ट गार्डच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय: सगळ्यात वर "मोटर १४४०, चार पोल", त्याखाली चार पायऱ्या आणि चार वेग, आणि प्रत्येकासमोर एमएसला कोणतं ड्रिल चालेल ते. ५४० ला १४ ते १६, ८२३ ला १० ते १२, १२०० ला ६ ते ८, १७२८ ला ५ आणि खाली. आतल्या बाजूला लिहिलं, कारण गार्ड उघडूनच पायरी बदलावी लागते, तेव्हा तक्ता डोळ्यासमोर येतोच. मशीनवरच्या पोरानेच ते लिहिलं, अक्षर त्याचं चांगलं आहे. मी त्याची माफीही मागितली. पोळ्यानंतर लावलेलं पाच सुताचं ड्रिल दिवाळीपर्यंत चाललं, मधे तीनदा धार लावून.